गार्डची पडताळणी होते, पगारपत्रकाची कोण करणार?

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये माझे चाचा सात वर्षं रात्रपाळीचे गार्ड होते. संध्याकाळी सात ते सकाळी सात. कापसाच्या हंगामात सुट्टी नाही. एजन्सीचा सुपरवायझर पगार हातात द्यायचा, पीएफचे पैसे कापून. काम सुटल्यावर चौकशी केली तर त्यांच्या नावाचं पीएफ खातंच नव्हतं. नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही. तक्रार करायची तरी कशाच्या आधारावर?

हे एकट्या चाचांचं दुखणं नाही. बारावी झाली, धंद्याला भांडवल नाही, म्हणून वर्दी चढवलेली मुलं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

कायदा नाही असंही नाही. माथाडी कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ मध्येच खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. मालकाने पगार आणि लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने नोंदणीकृत रक्षकाला पगार, पीएफ, रजा द्यायची. पण कलम २३ खाली एजन्सीच्या रक्षकांना यातून सूट देता येते. अट एवढीच की त्यांना मिळणारे लाभ मंडळापेक्षा कमी नसावेत. ती अट पाळली जाते का, हे गेटवर येऊन कोण पाहतं?

२००५ च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला परवाना सक्तीचा केला. तो पाच वर्षांनी नवा करावा लागतो. रक्षकाचं चारित्र्य तपासायचं, त्याला प्रशिक्षण आणि फोटोचं ओळखपत्र द्यायचं. किमान वेतन किंवा पीएफचा कायदा मोडला तर परवाना रद्द करण्याची सोयही त्यात आहे. अडचण अशी की परवाना गृह खात्याकडे, कामाचे तास आणि वेतन कामगार खात्याकडे, पीएफचं कार्यालय तिसरीकडे. एकाची फाईल दुसऱ्याला दिसत नाही.

म्हणून राज्याने नियम नव्याने लिहावेत. परवाना नवा करताना प्रत्येक रक्षकाच्या बँकेत जमा झालेल्या पगाराचा आणि पीएफ भरल्याचा पुरावा मागावा. कलम २३ ची सूट मिळालेल्या एजन्सींची जिल्हावार यादी सर्वांना पाहता यावी. एजन्सीवाले म्हणतात, सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम मिळतं. खरं आहे. मग बारा तास गार्ड उभा करून आठ तासांचे पैसे मोजणाऱ्या कारखान्याला, बँकेला, रुग्णालयालाही जाब विचारा.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात काय आहे? नोकरी धरताना नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि पीएफचा यूएएन क्रमांक मागा. उमंग ॲपवर दर महिन्याला पासबुक उघडून पाहा. हजेरीच्या वहीचा फोटो काढून ठेवा. घरात गार्डची नोकरी करणारे अब्बू, चाचा असतील तर हे काम तुम्ही करून द्या.

चाचांचं पासबुक तेव्हा आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. मी कॉलेजात होतो, मोबाईल माझ्या हातात होता. ही चूक माझीही आहे.