दोष वस्तूचा की वाटणीचा?

एखादी वस्तू चालेनाशी झाली की ती बिघडली असे आपण म्हणतो, आणि ज्याच्या हातून ती बंद पडली त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. हे दोन्ही निर्णय किती उतावळेपणाचे असतात, याचा धडा मला एका संगणकाने दिला. त्या धड्यापायी एका निरपराध विद्यार्थ्यास माझी बोलणी खावी लागली. म्हणून तो उशिरा का होईना, सर्वांसमोर मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

गोष्ट 1998 सालची. त्या वेळी मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे संगणक एकच होता. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडून घेण्यासाठी त्यात मोडेमचे कार्ड नव्याने बसविले होते. दुसऱ्याच दिवशी नववीतील एक मुलगा काम करीत असता, मोडेमने नंबर फिरविण्यास आरंभ करताच पडद्यावरील बाण जागच्या जागी थिजला. माऊस कितीही हलविला तरी बाण हलेना. “तूच काहीतरी केलेस,” असे मी त्याला वर्गादेखत म्हणालो. “सर, मी फक्त जोडणीचे बटण दाबले,” एवढेच तो म्हणाला. पण मी ते कानांवर घेतले नाही. नवा माऊस आणला, तोही थिजला. मग मोडेमच सदोष ठरवून तो परत पाठविण्याची तयारी झाली. आठवड्याने एक माहितगार गृहस्थ आले. त्यांनी कशासही हात न लावता प्रथम संगणकातील वाटपाची यादी उघडली आणि तीत चार हा क्रमांक दोन ठिकाणी लिहिलेला दाखविला. माऊस निर्दोष होता, मोडेम निर्दोष होता आणि मुलगाही निर्दोष होता. चूक होती ती वाटणीची.

हा क्रमांक कसला? संगणकाचा प्रोसेसर आपल्या कामात मग्न असतो. कळफलक, माऊस, डिस्क किंवा मोडेम यांपैकी कोणास त्याचे लक्ष हवे असेल, तर त्याने प्रोसेसरला हाक मारावयाची असते. या हाकेस इंटरप्ट म्हणतात, आणि जुन्या यंत्रांत प्रत्येक हाकेसाठी एक स्वतंत्र तार असे. आयबीएम कंपनीच्या 1981 सालच्या पीसी या संगणकात अशा तारा केवळ 8 होत्या. 1984 सालच्या एटी संगणकात त्या 16 झाल्या. पण त्यांतील एक दोन नियंत्रकांना परस्परांशी जोडण्यात खर्ची पडल्याने हाती उरल्या 15. त्यांतही शून्य क्रमांक घड्याळाचा, एक कळफलकाचा, सहा फ्लॉपीचा, आठ कालदर्शक घड्याळाचा, चौदा हार्ड डिस्कचा, असे मानकरी आधीच ठरलेले. सीरियल पोर्ट नावाची द्वारे चार असू शकत; पण रूढीने पहिल्या व तिसऱ्या द्वारास चार हा क्रमांक आणि दुसऱ्या व चौथ्यास तीन हा क्रमांक मिळे. आमचा माऊस पहिल्या द्वारावर होता आणि मोडेम तिसऱ्यावर बसविला होता. मोडेम मुका होता तोवर माऊस सुखाने चालला. मोडेम बोलू लागताच दोघांच्या हाका एकमेकींत मिसळल्या. मुलाने बटण दाबले त्याच क्षणी बिघाड दिसला, तो यामुळे.

आपल्या शाळेच्या वेळापत्रकात एकाच तासाला दोन वर्ग एकाच खोलीत लावले गेले, तर दाराशी गोंधळ होणारच. त्या गोंधळाबद्दल गणिताच्या शिक्षकांस किंवा संस्कृतच्या शिक्षकांस शिक्षा करणे जितके हास्यास्पद, तितकेच नवा माऊस विकत आणणे हास्यास्पद होते. आमच्या दुरुस्तीस एक पैही लागली नाही. न वापरलेले दुसरे द्वार संगणकाच्या सेटअपमधून बंद केले, आणि मोडेमच्या कार्डावरील जंपर, म्हणजे दोन खिळे जोडणारी इवलीशी टोपी, सरकवून त्यास ते दुसरे स्थान व तीन हा क्रमांक दिला. एवढ्याने काम झाले.

यावर आजचा चतुर विद्यार्थी म्हणेल, “सर, ही पुराणकथा झाली. आता संगणक आपली वाटणी आपणच करतो.” हे पुष्कळ अंशी खरे आहे. 1992 साली पीसीआय ही नवी पद्धत आली. जुन्या पद्धतीत हाक क्षणभर उठे आणि विरून जाई. नव्या पद्धतीत दखल घेतली जाईपर्यंत हाक चालूच राहते, त्यामुळे एका तारेवर अनेकांना नांदता येते. 1995 सालच्या विंडोज 95 ने ‘प्लग अँड प्ले’ची, म्हणजे कार्ड खोवताच चालू होण्याची, ग्वाही दिली, आणि ती वारंवार फसू लागल्यावर लोकांनीच तिला ‘प्लग अँड प्रे’ म्हणजे ‘खोवा आणि प्रार्थना करा’ असे थट्टेचे नाव ठेवले. पुढे तारेचीही गरज उरली नाही. आजची कार्डे स्मृतीच्या ठरावीक पत्त्यावर संदेश लिहून हाक मारतात, आणि एकेका उपकरणास असे 2048 पर्यंत संदेश मिळू शकतात.

तथापि हाकांची टंचाई संपली म्हणून टंचाईच संपली, असे नव्हे. कार्डांना हाकेबरोबर पत्त्यांची जागाही लागते. आजची चित्रपटलाची मोठी कार्डे अशी जागा भरपूर मागतात. संगणकाने सर्व कार्डांना पहिल्या 4 जीबीच्या आतच जागा देण्याचा हट्ट धरला, तर एखादे कार्ड उपाशी राहते. मग डिव्हाइस मॅनेजर पिवळे चिन्ह दाखवून बारा क्रमांकाचा संदेश देतो, ‘या उपकरणास पुरेशी मोकळी साधने सापडत नाहीत’. अनेकदा बायोसमधील ‘अबव्ह 4जी डिकोडिंग’ ही एक सोय चालू करताच तेच कार्ड उत्तम चालते. संदेश न वाचणारा मात्र ते कार्ड निकामी समजून भंगारात टाकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, संगणकाच्या विषयात आपण संक्षेपांची पूर्ण रूपे पाठ करण्यावर जो वेळ घालवितो, त्यातील थोडा दोष शोधण्याच्या शिस्तीस द्यावा. ती शिस्त साधी आहे. बिघाड केव्हापासून दिसू लागला आणि त्यापूर्वी काय नवे बसविले, हे प्रथम विचारावे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधील साधनांची यादी, लिनक्समध्ये इंटरप्टांची नोंद, जी उपलब्ध असेल ती वाचावी. यादीत एकच क्रमांक दोनदा दिसला म्हणजे भांडण आहेच, असेही समजू नये. नव्या पद्धतीत सहवास कायदेशीर असतो. मग वीज तोडून, सर्वांत शेवटी बसविलेले कार्ड काढून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, आणि बदलापूर्वीची स्थिती वहीत उतरवून ठेवावी.

प्रत्येक शाळेने आपल्या संगणकांची अशी एक वही ठेवावी आणि एखादा जुना संगणक मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडू द्यावा. मुले तो मोडतील, अशी भीती काही पालकांना वाटेल. ती अगदीच निराधार नाही. परंतु न उघडलेल्या पेटीविषयी मुलांच्या मनात जी भीती बसते आणि मोठ्यांच्या मनात जो संशय बसतो, ते नुकसान एका जुन्या कार्डाहून खचित मोठे आहे. त्या दिवशी माझ्यापाशी अशी वही असती, तर मी त्या मुलाकडे पाहण्यापूर्वी वहीकडे पाहिले असते.

त्याची मी पुढे क्षमा मागितली. पण रागावलो होतो सर्वांदेखत, आणि चूक कबूल केली ती व्हरांड्यात, दोघेच असताना. ही वाटणीही न्याय्य नव्हती. ती आज या पानावर दुरुस्त करीत आहे.

— एक शिक्षक