कॅमेऱ्यात पाय येत नाही

मोठ्या बाबांच्या ऑपरेशननंतर लोधीखेड्याहून जो कोणी नागपूरला भेटायला जायचा, तो आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा. बोलता येतं का, जेवता येतं का, चेहरा कसा दिसतो. मीही पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तेच विचारायचो. चादरीखालच्या पायाबद्दल कोणी विचारलंच नाही.

खर्र्यामुळे खालच्या जबड्याचा कॅन्सर झाला होता. (आमच्याकडे पानठेल्यावर घोटलेला खर्रा अजूनही पाहुणचारच समजतात.) जबड्याचा तुकडा काढून तिथे पायाचं हाड बसवलं. गुडघ्याखाली दोन हाडं असतात. अंगाचा भार मुख्यतः जाड नडगी पेलते; बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडावर, म्हणजे फिब्युलावर, फार थोडा येतो. म्हणून त्याचा मधला भाग रक्तवाहिन्यांसकट काढतात. त्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडल्या की हाड नव्या जागी जिवंत राहतं. जबड्यासाठी ही पद्धत न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली. घोटा डगमगू नये आणि गुडघ्याजवळची नस दुखावू नये, म्हणून दोन्ही टोकांना साधारण सहा सेंटिमीटर हाड ठेवतात.

'ते हाड नसलं तरी चालतं,' असं आम्हाला सांगितलं होतं. चालतं, पण लगेच नाही.

जबडा महिन्याभरात सावरला. पाय अडून बसला. हाडासोबत पोटरीची कातडीही घेतली होती आणि ती जागा मांडीच्या पातळ कातडीने झाकली होती. त्यातला एक भाग धरलाच नाही. खाली स्नायूची दोरी उघडी असली की वर कातडी नीट रुजत नाही. अडीच महिने एक दिवसाआड ड्रेसिंग. अंगठा खाली वाकेना, कारण तो वाकवणारा स्नायू त्याच हाडाला चिकटलेला असतो. पाऊल वरून बधिर, चप्पल निसटली तरी कळायचं नाही. उकिडवं बसणं बंद. संत्र्याच्या बगीच्यात ढेकळांवर पाय मुरगळायची भीती. "तोंडाचं झालं बापा, पायाचं कोन पाहील?" एकदा ते चिडून म्हणाले, तेव्हा मी पहिल्यांदा फोन पायाकडे फिरवायला लावला.

तुमच्या घरात ही वेळ आली, तर ऑपरेशनआधीच पायाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीबद्दल विचारा. काहींच्या पावलाला मुख्य रक्तपुरवठा याच हाडालगतच्या वाहिनीतून होतो, मग ती काढता येत नाही. नंतर पोटरी दगडासारखी घट्ट झाली, औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा. एकच पाय सुजला किंवा अचानक दम लागला तरी तेच. रक्ताची गाठ असू शकते. आणि फिजिओथेरपी कधी सुरू करायची, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. आमच्या कागदावर ते नव्हतं, त्यात सहा आठवडे गेले.

यंदा पोळ्याला मोठे बाबा काठी न घेता मारुतीच्या देवळापर्यंत गेले. अंगठा अजून वाकत नाही.