दहिवर मोडल्याबिगर

शेळी मेली की गावात पहिला प्रश्न ठरलेला : "जंताचं औषध पाजलं हुतं का?" पाजलं होतं म्हटलं की विचारणारा गप्प, आणि सगळा दोष बाटलीवर. शेळी कुठं चरत होती, किती वाजता चरत होती, हे कुणी विचारत नाही. माझं भांडण ह्या न विचारण्याशी आहे.

आमचा माणदेश दुष्काळी. आज्जीच्या काळी शेळ्यांना जंत होतेच. पण लेंडीतून पडलेली अंडी तापल्या माळावर वाळून मरायची. अंड्याला ओल लागते. ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात त्यातली अळी गवतावर चढायला तयार. ती चढते पाण्याच्या पातळ थरातून, म्हणजे दहिवरातून, आणि जमिनीलगतच्या चार बोटांतच जास्त सापडते. आज्जीला अळी ठाऊक नव्हती. "दहिवर मोडल्याबिगर दावं सोडायचं न्हाई," एवढंच ती म्हणायची. आम्ही हसायचो.

मग पाटाचं पाणी आलं. पाण्याला मी नावं ठेवणार नाही, त्याची वाट बघण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. पण पाटाकडेची पट्टी बारा महिने ओली राहू लागली. जो वैशाख जंतांना मारायचा, तो त्या पट्टीपुरता संपला. मी शिकलेला मास्तर, शाळेची घाई. सकाळी सहाला अकरा शेळ्या त्याच पट्टीत बांधायचो. गवत गुडघाभर होतं तेव्हाही तिथंच, बोटभर उरलं तेव्हाही तिथंच. भिंतीवर औषधाचा तक्ता, आणि तारखेबरहुकूम पाजलेलं. भादव्यात शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलं. डोळ्याची पापणी उलटून बघितली तर आतून कागदासारखी पांढरी. सात मेल्या. एकीचं पोट फाडलं, तर चौथ्या पोटात दोऱ्यासारखे लाल-पांढरे जंत वळवळत होते. हे रक्तावर जगतात, आणि एकेक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते.

तक्ता देणाऱ्यांना विचारलं, औषध लागू का पडलं नाही? "डोस वाढवा," म्हणाले. बास.

अहो, भर उन्हाळ्यात, माळ कोरडा ठणठणीत असताना सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजलं, तर जिवंत कोण राहतं? औषधाला न जुमानणारे तेवढेच. रानात दुसरी अंडी-अळ्या उरलेल्याच नसतात. पहिल्या पावसात रान भरतं ते त्यांच्याच पिलावळीनं. म्हणजे निब्बर बियाणं आपणच निवडायचं, आपणच पेरायचं, आणि वर बाटलीला शिव्या द्यायच्या! अशक्त, पापणी पांढरी पडलेली शेळी बघून तिलाच औषध पाजायला काय लागतं? वेळ लागतो. तक्त्याला वेळ लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

उरलेल्या चार शेळ्या आता मी माळाकडे नेतो. पट्टीतलं गवत कापून, कडक वाळवून घालतो. घरात ह्यावरून वाद आहेत, कारण रोज दावं सोडायचं काम बायकोवर पडलंय. मी फक्त सुट्टीच्या दिवशी. परवा रविवारी शेजारी बांधावरून ओरडला, "मास्तर, नऊ वाजलं की! शेळ्या वरडून मरायला लागल्या."

गवताला हात लावून बघितला. ओलं होतं.