जांवयाचा व्हिसा आणि मामांची सही

अमेरिकेंत जन्मलेली आणि पुण्यांत वाढलेली मुलगी ही आतां आपल्या घरांतून अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. आईबाप नोकरीनिमित्त तिकडे गेले, आठदहा वर्षें राहिले आणि आजीआजोबांचीं वयें झालीं म्हणून परत आले. मुलगी तेव्हां पांचसहा वर्षांची. तिचें सारें शिक्षण इकडे झालें, विवाहहि इकडेच झाला. जन्मानें ती अमेरिकेची नागरिक आहे, ही गोष्ट एरव्हीं घरांत कोणाच्या ध्यानांतहि नसते. विवाहानंतर मात्र दोघांच्या मनांत तिकडे जाऊन संसार थाटण्याचें येतें, आणि ‘बायकोच अमेरिकन, मग नवऱ्यास काय अडचण?’ असें आप्तेष्ट म्हणूं लागतात. अडचण आहे, आणि ती प्रेमाची नसून पैशाची व पत्त्याची आहे.

आरंभींच एक घोटाळा दूर केलेला बरा. मुलगा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर गेला आणि पत्नी त्याच्या आधारानें एच-फोर व्हिसावर गेली, तर पुढें सांगितलेला कागद तेथें लागत नाहीं. आम्ही लिहीत आहों तें कायमच्या वास्तव्याच्या व्हिसाविषयीं. म्हणजे ज्याच्या पाठोपाठ ग्रीन कार्ड येतें त्याविषयीं. येथें पत्नीनें प्रथम ‘हा माझा पति आहे’ असा अर्ज अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे करावयाचा. तो मान्य झाल्यावर कागदपत्रें न्यू हॅम्पशायरमधील नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातात आणि शेवटीं पतीची मुलाखत मुंबईच्या वकिलातींत होते. नागरिकाच्या पतीस वा पत्नीस संख्येची मर्यादा नाहीं, हें खरें; केवळ ग्रीन कार्ड असलेल्याच्या जोडीदारास ती आहे. परंतु मर्यादा नाहीं म्हणजे अट नाहीं असें नव्हे.

ज्याच्या पोषणाचा भार सरकारवर पडण्याचा संभव आहे त्यास देशांत येऊं देऊं नये, हें तत्त्व अमेरिकेच्या कायद्यांत १८८२ सालापासून आहे. त्यासाठीं नातलगांकडून पोषणाचें प्रतिज्ञापत्र घेण्याची चाल पुढें पडली. पण तो कागद बराचसा शोभेचा असे. सही करणारानें वचन मोडलें तर न्यायालयें त्यास केवळ नैतिक बंधन समजून सोडून देत. १९९६ सालीं कायदा बदलला, आणि १९ डिसेंबर १९९७ पासून जें नवें प्रतिज्ञापत्र सुरू झालें तो पक्का करार आहे. आय-८६४ हा त्याचा क्रमांक. आपल्या आप्तांपैकीं जे १९९७ पूर्वीं तिकडे गेले त्यांच्या आठवणींत अद्याप जुनाच कागद आहे. ‘अहो, नुसती सही असते’ असें ते आश्वासन देतात तें याच कारणानें, आणि तें आतां खरें नाहीं.

करार असा, कीं येणाऱ्या माणसाचें उत्पन्न तेथील सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीखालीं जाऊं न देण्याची जबाबदारी सही करणारानें पत्करावी. हे आंकडे दर वर्षीं बदलतात. २०२५ सालीं दोन माणसांच्या कुटुंबास ही सव्वापट २६,४३७ डॉलर होती. पतिपत्नीस नोकरी असलेल्या घरीं ही रक्कम मोठी नव्हे, असें वाटेल. गोम अशी, कीं जें उत्पन्न तिकडे गेल्यावरहि त्याच ठिकाणाहून चालू राहील तेंच धरतात. हिंजवडीची नोकरी सोडून जावयाचें असेल तर तिचा पगार शून्य, मग तो कितीहि असो. अशा वेळीं ठेवी, शेअर किंवा सदनिका दाखवितां येतात; त्या वर्षाच्या आंत मोडून रोकड करतां येण्याजोग्या व तो पैसा देशाबाहेर नेतां येण्याजोगा असला पाहिजे. नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतींत जेवढी तूट तिच्या तिप्पट मालमत्ता लागते. उत्पन्न मुळींच नसेल तर वरच्या हिशेबानें ७९,३११ डॉलर. सदनिकेवरील कर्ज वजा जातां उरेल तीच किंमत. आणि ती मालमत्ता या दोघांच्या नांवावर हवी. सासऱ्यांच्या नांवाचा वाडा येथें सहसा उपयोगी पडत नाहीं.

आणखी एक गोष्ट मुलीस कोणी सांगितलेली नसते. अमेरिकेचा नागरिक जगांत कोठेंहि राहो, त्याचें उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे गेलें म्हणजे त्यानें तेथील प्राप्तिकराचें विवरणपत्र भरावयाचें असतें. कर बहुधा निघत नाहीं, पण पत्रक भरावें लागतें, आणि प्रतिज्ञापत्रासोबत निदान मागील वर्षाचें जोडावें लागतें. जन्मापासून एकदांहि न भरलेल्या मुलीनें पतीचा अर्ज करण्याआधीं प्रथम हेंच काम जाणत्या करसल्लागाराकडून पुरें करून घ्यावें.

पैशाची अडचण दुसऱ्याच्या आधारानें निभावते. पत्त्याची निभावत नाहीं. आमच्या मतें साऱ्या प्रकरणाचें मर्म येथें आहे. अर्ज करणाऱ्या पत्नीचा अधिवास अमेरिकेंत असला पाहिजे अशी कायद्याची अट आहे. अधिवास म्हटला कीं आपल्यापुढें तहसील कचेरींतील डोमिसाइलचा दाखला उभा राहतो; महाराष्ट्रांत सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे दृष्टि मागें असते. अमेरिकेचा अधिवास पुढें पाहतो. मुख्य राहतें घर तेथें असावें आणि तें तेथेंच ठेवण्याचा हेतु असावा, एवढेंच त्याचें स्वरूप. जी व्यक्ति अमेरिकेच्या सरकारच्या, तेथील एखाद्या मान्य संशोधनसंस्थेच्या किंवा परदेशीं व्यापार करणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या चाकरींत तात्पुरती बाहेर आहे तिचा अधिवास मोडत नाहीं. आपल्या मुलीचें तसें नाहीं. ती वीस वर्षें कोथरूडांत राहत आहे.

तथापि तिला मार्ग आहे. ‘मी परत राहावयास जात आहें’ हें तिनें कृतीनें दाखवावयाचें. तेथील बँकेंत खातें उघडणें, राहण्याची जागा ठरविणें अथवा ज्या नातलगाकडे उतरावयाचें त्याचें पत्र घेणें, नोकरीसाठीं केलेले अर्ज व आलेलीं उत्तरें जपून ठेवणें, मतदार म्हणून नांव नोंदविणें, इकडील नोकरीचा राजीनामा, सामान पाठविल्याच्या पावत्या — यांपैकीं एखादा कागद निर्णायक नसतो, पण पांचसहा एकत्र आले म्हणजे हेतु दिसूं लागतो. नुसता निळा पासपोर्ट हा अधिवासाचा पुरावा नव्हे. आणि कळस हा, कीं तिनें पतीच्या आधीं जावें किंवा त्याच्या बरोबर जावें. मागाहून जाऊन चालत नाहीं.

ही शेवटची अट आपल्या घरांत कशी आड येते तें पाहण्यासारखें आहे. व्हिसा हातीं येतो तेव्हां मुलीस दिवस गेलेले असतात. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें ही आईची इच्छा. तिकडे औषधोपचाराचा खर्च भयंकर, हेंहि खोटें नाहीं. मग ठरतें असें, कीं जांवईबापूंनीं पुढें जाऊन बिऱ्हाड मांडावें, आणि बाळबाळंतीण तीनचार महिन्यांनीं जातील. किती शहाणपणाची वाटते ही योजना! पण मुलाखतींत अधिकाऱ्यानें ‘पत्नी केव्हां येणार?’ असें विचारलें आणि जांवयानें खरें सांगितलें, तर व्हिसा तेथेंच अडकतो; कारण जिचा अधिवास दाखवावयाचा तीच पुण्यास राहणार. खोटें सांगण्याचा सल्ला देणारेहि भेटतील. त्यांचें ऐकूं नये, असत्य कथनानें पुढचे सारे दरवाजे बंद होऊं शकतात. व्हिसाची मुदत सामान्यतः फार तर सहा महिने असते, हें ध्यानांत ठेवून मुलाखतीची वेळच बाळंतपणाचा विचार करून ठरवावी.

शिवाय त्या बाळाचें नागरिकत्व. आई अमेरिकन म्हणून बाळहि आपोआप अमेरिकन, अशी सर्वांची समजूत असते. बाप परदेशी असतां आईनें जन्मापूर्वीं एकूण पांच वर्षें अमेरिकेंत प्रत्यक्ष वास्तव्य केलेलें असावें, आणि त्यांपैकीं दोन वर्षें तरी तिच्या वयाच्या चौदाव्या वर्षानंतरचीं असावीं, असा नियम आहे. सहाव्या वर्षीं परत आलेल्या मुलीचीं तीं दोन वर्षें कोठून येणार? पुण्यांत जन्मलेल्या तिच्या बाळासाठीं निराळा अर्ज व निराळा व्हिसा लागतो. बापाच्या अर्जांत त्यास बसवितां येत नाहीं.

आतां मामांच्या सहीकडे वळूं. पत्नीचें उत्पन्न अपुरें असल्यास दुसऱ्या कोणासहि सहजामीन होतां येतें. तो नातलगच हवा असें नाहीं. पण तो अठरा वर्षांवरील, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारी आणि अमेरिकेंत राहणारा हवा. म्हणजे पुण्यास परत आलेले वडील येथें बाद होतात, आणि पत्र न्यू जर्सीच्या मामांस जातें. पत्नीचें प्रतिज्ञापत्र मामांनीं सही केली तरी लागतेंच, आणि तिचा अधिवास सिद्ध न झाला तर मामांची सही फुकट जाते. मामांचें उत्पन्न त्यांच्या स्वतःच्या कुटुंबाच्या मापानें पाहतात. पतिपत्नी, दोन मुलें आणि पांचवा आपला जांवई मिळून २०२५ च्या दरानें ४७,०६२ डॉलर. मामांनीं पूर्वीं अशाच सहीवर आपल्या आईवडिलांस नेलें असेल आणि ती जबाबदारी अद्याप संपली नसेल, तर तेहि दोघे मोजले जाऊन रक्कम ६०,८१२ होते.

ही सही किती दिवस बांधते? जांवई नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खातीं कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे सुमारें दहा वर्षें, जमा होईपर्यंत. नाहीं तर त्यानें तो दर्जा सोडून देश कायमचा सोडीपर्यंत, अथवा दोघांपैकीं एकाच्या मृत्यूपर्यंत. या यादींत घटस्फोट नाहीं. विवाह मोडला, भाची परत आली, जांवयाशीं बोलणें राहिलें नाहीं, तरी मामा जामीन राहतातच. त्यानें गरिबांसाठीं असलेली सरकारी मदत घेतली तर ती देणारें खातें मामांकडून भरपाई मागूं शकतें. मामांनीं घर बदललें तरी तीस दिवसांत कळवावें लागतें. व्हिसा मिळण्यापूर्वीं सही मागें घेतां येते. जांवई तिकडे उतरून कायमचा रहिवासी झाल्यावर नाहीं.

सबब मामांस फोनवर घाईघाईनें ‘एक सही हवी आहे’ असें सांगणें आम्हांस सर्वथा गैर वाटतें. भिडेनें मिळालेली सही ही सही खरी, पण मामींनीं पुढें कागद वाचला म्हणजे दोन घरांत अढी बसते, आणि ती व्हिसापेक्षां अधिक टिकते. वरील सर्व अटी मामा व मामी दोघांसहि लिहून कळवाव्या, जांवयाचें शिक्षण व नोकरीची तयारी सांगावी, आणि विचारास महिनाभर वेळ द्यावा. मामांनीं नकार दिला तर तो त्यांच्या संसाराचा हिशेब आहे. त्यावरून माया मोजूं नये.

याच कागदाची दुसरी बाजू मुलींच्या आईबापांनीं अवश्य वाचावी. वर आपण जांवई जातांना पाहिला. पण पुष्कळ घरांत नागरिक असतो तो मुलगा, आणि त्याच्या सहीवर जाते ती आपली लेक. तेथें सही करणारा तिचा पति आहे. त्यानें तिला टाकलें, किंवा घटस्फोट झाला, तरी तिचें उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीपर्यंत भरून देण्याचें त्याचें बंधन कायम राहतें, आणि ती स्वतः न्यायालयांत जाऊन तें मागूं शकते. एका प्रकरणांत पतीचें म्हणणें असें पडलें, कीं पत्नी नोकरी शोधीत नाहीं, मग मी कां द्यावें? २०१२ सालीं अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयानें तें म्हणणें फेटाळलें. नोकरी शोधण्याची अट या करारांत नाहीं, असा निकाल दिला. ही रक्कम पोटगीच्या मानानें थोडी असेल, पण परक्या देशांत एकट्या पडलेल्या मुलीस खोलीचें भाडें देण्यापुरती तरी होते.

दुःखाची गोष्ट ही, कीं ज्या मुलीच्या नांवानें हा करार होतो तिनें तो बहुधा पाहिलेलाच नसतो; पति भरतो, पति पाठवितो, पति ठेवतो. वास्तविक व्हिसाचे कागद मुलाखतीच्या वेळीं तिच्याच हातून जातात. त्या वेळीं सही केलेल्या प्रतिज्ञापत्राची आणि त्यासोबतच्या पत्रकांची एक पुरी प्रत काढून घ्यावी, आणि ती इकडे तिच्या आईजवळ, दागिन्यांची यादी ठेवली असेल त्याच लखोट्यांत ठेवावी.