रेडिओलहरी आणि अंगातली उष्णता : भीती योग्य जागी हवी

"टॉवर उभा राहिल्यापासून घरात सगळ्यांना कणकण वाटते, डॉक्टर." "गोठ्याशेजारी टॉवर आला आणि म्हैस आटली." अशी वाक्ये आता दवाखान्यात नेहमीची झाली आहेत. त्यातच परदेशात उंदरांवर प्रयोग झाले, रेडिओलहरींनी त्यांच्या अंगातली उष्णता वाढली, असे कोणीतरी वाचलेले असते आणि मग ती बातमी गावभर होते. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेत आहे.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करतो. उच्च कंपनसंख्येच्या रेडिओलहरींनी प्राण्यांच्या शरीराचे तापमान वाढते, हे खरे आहे. ती अफवा नाही. प्रश्न आहे तो किती तीव्र लहरींनी, किती वेळात आणि कोणत्या प्राण्याचे वाढते हा. ही तीन उत्तरे गाळून सांगितलेली बातमी अर्धवट असते, आणि अर्धवट बातमीने माणूस चुकीच्या जागी घाबरतो.

आपल्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी आहे. रेडिओलहरी शरीरात शिरल्या की पाण्याचे रेणू आणि क्षारांचे कण झपाट्याने हलू लागतात आणि त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. मायक्रोवेव्ह शेगडीत भाजी गरम होते ती याच तत्त्वावर. क्ष-किरणांप्रमाणे रेणू फोडण्याची ताकद या लहरींत नसते. १९२० च्या दशकात अमेरिकेत शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपकांजवळ काम करणाऱ्यांना अंग तापल्याचे जाणवू लागले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतील विलिस व्हिटनी यांनी त्यातूनच रुग्णाला मुद्दाम ताप आणणारे यंत्र तयार केले. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात काही रोगांवर ताप हाच उपचार मानला जात असे.

पुढे प्राण्यांवर पद्धतशीर प्रयोग झाले. त्यातला मला सर्वांत बोलका वाटतो तो एलेनॉर अडेर या संशोधक बाईंचा. १९८० च्या सुमारास त्यांनी छोट्या माकडांना दोरी ओढून गार किंवा गरम हवा घेण्याची सोय करून दिली आणि त्यांच्यावर मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या. लहरींची तीव्रता एका मर्यादेपुढे जाताच माकडे गार हवा जास्त मागू लागली आणि त्यांच्या शरीराचे तापमान जवळपास होते तेथेच राहिले. उष्णता आत शिरली, तरी सशक्त शरीर ती बाहेर टाकते. आपण घाम गाळतो, कुत्रा धापा टाकतो, उंदीर अंगाला लाळ फासतो आणि शेपटीतून उष्णता सोडतो, म्हैस डबक्यात बसते. तापमान चढते ते आत येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली म्हणजे.

आता थोडे आकडे. शरीरात किती लहरी मुरतात हे दर किलो वजनामागे वॅटमध्ये मोजतात. उंदरांपासून माकडांपर्यंत निरनिराळ्या प्राण्यांत असे आढळले की दर किलोला सुमारे ४ वॅट मुरू लागले की शरीराचे तापमान साधारण १ अंश सेल्सिअसने वाढते आणि प्राणी शिकवलेले काम सोडून देऊ लागतो. आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवताना हाच आकडा आधाराला घेतला गेला. सामान्य जनतेसाठी त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे दर किलोला ०.०८ वॅट, ही मर्यादा ठरली. साठ किलोच्या माणसात हे जेमतेम पाच वॅट होतात. तोच माणूस नुसता पडून असला तरी त्याचे शरीर स्वतः साठ-सत्तर वॅट उष्णता तयार करीत असते. कुदळ मारताना ती कितीतरी पटींनी वाढते.

उंदरांच्या ज्या प्रयोगाची चर्चा होते, त्याचा अंतिम अहवाल अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या जातीच्या उंदरांच्या संपूर्ण अंगावर रोज सुमारे नऊ तास, दोन वर्षे लहरी सोडल्या होत्या. सर्वांत मोठी मात्रा दर किलोला ६ वॅट होती, म्हणजे जनतेसाठीच्या मर्यादेच्या ७५ पट. त्याआधीच्या चाचणीत ८ वॅट आणि त्यापुढे हे उंदीर फार तापले आणि १० ते १२ वॅटला काही दगावलेही. लहान चिचुंद्रीएवढ्या पांढऱ्या उंदरांनी मात्र १२ वॅटही सहन केले, कारण लहान शरीर लवकर निवते. दोन जातींच्या उंदरांत एवढा फरक असेल, तर त्यांचा आकडा माणसाला किंवा म्हशीला जसाच्या तसा कसा लावणार? याच अहवालात नर उंदरांच्या हृदयातील गाठींचाही उल्लेख आहे. कर्करोगाचा तो प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर संशोधन चालू आहे. आज आपण उष्णतेपुरतेच बोलत आहोत.

टॉवरच्या लहरींसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट होती. वैशाखातल्या दुपारचे ऊन त्याच चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ओतते. काळ्या कातडीची, घाम कमी येणारी म्हैस पत्र्याच्या गोठ्यात उभी असेल तर ती का आटली याचे उत्तर आधी डोक्यावरच्या पत्र्यात शोधावे. सावली, पाणी आणि अंगावर शिंपडणे यांनी फरक पडतो की नाही ते पाहावे आणि पशुवैद्याला दाखवावे.

मग या लहरींची भीती बाळगूच नये का? बाळगावी, पण त्या जेथे मुद्दाम शरीर तापवण्यासाठी वापरतात किंवा जेथे त्यांचे प्रमाण खरोखर मोठे असते तेथे. अशा दोन जागा आता तालुक्याच्या गावीही आहेत.

पहिली जागा म्हणजे गुडघ्याला आणि कंबरेला देतात तो मशीनचा शेक, म्हणजे शॉर्टवेव्ह डायथर्मी. त्यात २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरी असतात. शेक किती झाला हे यंत्राला कळत नाही. 'आता सुखद ऊब वाटते' किंवा 'चटका बसतो' हे रुग्णाने सांगायचे असते. ज्याच्या पायाला मधुमेहाने बधिरपणा आला आहे, ज्याला पूर्वी कुष्ठरोग झाला होता किंवा अर्धांगवायूने एक बाजू सुन्न आहे, त्याला चटका कळत नाही. आत भाजते आणि तो गप्प पडून राहतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की टाचणी आणि कोमट पाण्याने संवेदना तपासल्याशिवाय हा शेक कोणालाही देऊ नये. हाडात रॉड किंवा प्लेट असेल, छातीत पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर तसे आधी सांगावे आणि हा शेक घेऊ नये.

दुसरी जागा एमआरआय. त्यातही रेडिओलहरी असतात आणि शरीराचे तापमान किंचित वाढू शकते. यंत्र तुमच्या वजनावरून मात्रा ठरवते, म्हणून वजन अंदाजे सांगू नका, काट्यावर करा. अंगात ताप असेल तर सांगा. जरीचे कापड, दागिने, त्वचेवर चिकटवलेली औषधाची पट्टी काढण्यास सांगतात त्यामागे भाजण्याचा धोका हेही एक कारण आहे. हातांची घडी घालू नका, पोटऱ्या एकमेकींना टेकवू नका. आत गरम वाटले तर संकोच न करता हातातली घंटी दाबा.

डोळ्याचे भिंगही ध्यानात ठेवावे. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे उष्णता वाहून नेली जात नाही. तीव्र मायक्रोवेव्ह लहरींनी सशांना मोतीबिंदू झाल्याचे प्रयोग आहेत. दार नीट न लागणारी मायक्रोवेव्ह शेगडी म्हणूनच वापरू नये.

शेवटी कणकणीबद्दल. ताप वाटतो की आहे, हे थर्मामीटर सांगतो. तो घरात ठेवा आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. आकडा वाढलेला निघाला तर कारण रक्तात, लघवीत किंवा छातीत शोधायचे असते. रोज संध्याकाळी ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला आणि घटते वजन असेल तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते. टॉवरला दोष देण्यात महिना गेला तर तो महिना क्षयाच्या जंतूंना मिळतो, आणि घरातल्या लहान मुलांनाही त्यांची लागण होऊ शकते.