आमच्याकडे तर चालतंय

सॉफ्टवेअरच्या धंद्यात सर्वाधिक वेळा बोललं जाणारं आणि समोरच्याच्या काडीच्याही उपयोगाचं नसलेलं वाक्य म्हणजे "आमच्याकडे तर चालतंय". बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे खरंच चालत असतं. माझं भांडण त्या वाक्यानंतर तक्रार बंद करून टाकण्याशी आहे.

मी क्यूटी नावाच्या टूलकिटवर काम करते. (अधिकृत उच्चार 'क्यूट', पण आपल्याकडे सगळे क्यूटीच म्हणतात.) नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीने ते १९९५ साली बाहेर आणलं. त्याच वर्षी जावा आली, 'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही घोषणा घेऊन. व्हीएलसी आणि टेलिग्रामची डेस्कटॉप आवृत्ती यांच्या खिडक्या क्यूटीतच बनतात, तेव्हा टूलकिटला नावं ठेवायचं कारण नाही. नावं ठेवायची आहेत ती 'क्रॉस-प्लॅटफॉर्म' याचा अर्थ 'आता फरक उरलेला नाही' असा लावणाऱ्यांना.

फरक कुठेही जात नाही, एक थर खाली सरकतो. तुम्ही एकच बटण लिहिता. क्यूटी ६ ते विंडोजवर डायरेक्ट३डीतून, मॅकवर मेटलमधून आणि लिनक्सवर ओपनजीएल किंवा वल्कनमधून रंगवतं. त्याच्याही खाली ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर असतो, आणि तो कुणाच्या मशीनवर कुठला असेल ते तुमच्या हातात नसतं.

एक जुनं उदाहरण घेऊ. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकलेला नसेल, तर विंडोज स्वतःहून ओपनजीएलची १.१ ही आवृत्ती देतं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिच्यात शेडर नाहीत. क्यूटी ५ मधल्या क्यूटी क्विकला शेडर लागतातच. सोय केलेली नसेल तर काळी खिडकी, पांढरी खिडकी किंवा खिडकीच नाही. ही सोय क्यूटीवाल्यांनी केली होती: ग्राफिक्सचं काम प्रोसेसरकडूनच करून घेणारी, साधारण २० एमबीची एक फाइल सोबत देता येते. चित्र हळू उमटतं, पण उमटतं. आणि इन्स्टॉलर लहान दिसावा म्हणून लोक नेमकी तीच फाइल वगळतात. विकसकाच्या नव्या लॅपटॉपवर काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो फॉरमॅट करून ड्रायव्हर न टाकलेल्या कचेरीतल्या पीसीवर. तो वापरणारा माणूस बग रिपोर्ट लिहीत नाही. तो म्हणतो, "कॉम्प्युटर जुना झाला."

बिल्डची तीच तऱ्हा. लिनक्सवर क्यूटीचा एक कुप्रसिद्ध संदेश आहे: एक्ससीबी प्लगइन सापडलं, पण लोड करता आलं नाही. बहुतेक वेळा प्लगइन जागेवर असतं, त्याला लागणारी एखादी लायब्ररी नसते. प्लगइन डीबग करण्याचा व्हेरिएबल चालू केला, की ती कुठली ते लॉगमध्ये नावानिशी दिसतं. पण लॉग वाचतो कोण? सगळं काढून पुन्हा टाकायचं, चार अनोळखी कमांड चिकटवायच्या आणि चाललं की हुश्श करायचं. अशाने तुमचं मशीन बरं होतं. ज्याला तुम्ही तो प्रोग्रॅम देणार, त्याच्याकडे ती लायब्ररी अजूनही नसतेच.

आता आपल्या लिपीकडे येऊ. 'कि' लिहिताना साठवणीत आधी क असतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही जुळणी क्यूटीत हार्फबझ नावाची लायब्ररी करते. बिल्डमधून ती वगळण्याचा पर्याय असतो. अशी जुळणी झाली नाही तर वेलांटी क च्या मागे जाऊन बसते आणि 'क्ष'मधला पाय मोडलेला क् उघडा पडतो. फॉन्टचंही तसंच. टूलकिटसोबत आता फॉन्ट येत नाहीत. एखाद्या छोट्या लिनक्स यंत्रात देवनागरी फॉन्ट टाकला नाही, तर मराठीच्या जागी चौकोनांची रांग दिसते. इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला यातलं काहीही दिसणार नाही. त्याच्याकडे तर चालतंय.

यावर ठरलेलं उत्तर येतं: जगातल्या प्रत्येक मशीनवर तपासणं परवडत नाही. मान्य. प्रत्येक मशीन कुणीच मागत नाहीये. विकासाची कुठलीही साधनं नसलेलं एक कोरं व्हर्च्युअल मशीन, १२५ टक्के स्केलिंग असलेला एक पडदा आणि जोडाक्षरं-वेलांट्यांनी भरलेली दहा मराठी नावं. एका दुपारचं काम आहे. ते होत नाही याचं कारण पैसा नाही, प्रतिष्ठा आहे. आपल्याकडे नवं फीचर बांधणारा हुशार ठरतो, आणि ते दुसऱ्याच्या घरी नीट उघडतं का हे बघणारा झाडलोटवाला. बिल्ड मोडला की तो टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीकडे सरकवला जातो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत लिंकरचा एररसुद्धा कुणी आमच्यासोबत बसून वाचला नाही. सॉर्टिंग मात्र तीनदा शिकवलं. कुणाचं काम वरचं आणि कुणाचं खालचं, हे ठरवण्याची सवय आपल्या समाजाला जुनीच आहे. कीबोर्ड हातात आल्याने ती सुटलेली नाही.

माझ्या मते प्रोग्रॅम लिहून होतो तो अनोळखी माणसाच्या मशीनवर उघडतो तेव्हा. त्याआधी आपल्याकडे असतो तो फक्त मसुदा. म्हणून यापुढे कुणी "आमच्याकडे तर चालतंय" म्हणालं, तर गप्प बसू नका. विचारा: तुमच्याकडे म्हणजे कुठे? ड्रायव्हर कोणता, स्केलिंग किती, फॉन्ट कुठला? आणि माझ्याकडे काय दिसतंय, ते बघायला कधी येताय?