जिवाला लागलेला घोर

दसरा-दिवाळी उलटली की धारूर, वडवणी, शिरूर कासार या बीड जिल्ह्यातील तालुक्यांतील तांडे-वस्त्या ओस पाडून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या ऊसफडांकडे निघणाऱ्या टोळ्यांतील एखादी बाई दवाखान्याची पायरी चढते, ती चिंतेची तक्रार घेऊन नव्हे. छातीत धडधडते, मान-पाठ आखडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, एवढेच ती सांगते आणि बहुधा अशक्तपणाचे सलाइन लावून तिची बोळवण होते.

मुकादमाची उचल फिटेल काय, गावी म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली लेकरे शाळेत जात असतील काय, या काळजीला कारण आहे. आणि सकारण काळजीला आजार कसे म्हणावे, असे सुबुद्ध माणसेही विचारतात. ही समजूत मला अत्यंत घातक वाटते. जी चिंता एका विषयावरून दुसऱ्यावर सरकत राहते, उचल फिटल्यावरही शमत नाही, आवरू म्हटल्याने आवरत नाही आणि निदान सहा महिने, बहुतेक दिवस, अस्वस्थता, थकवा, चिडचिड, चित्ताची अस्थिरता, स्नायूंचा ताण व निद्रानाश यांपैकी किमान तीन लक्षणांसह नित्याचे काम अवघड करते, तिला वैद्यकशास्त्र सार्वत्रिक चिंताविकार म्हणते. कर्ज तिचे मूळ असेल, म्हणून उपचार अनावश्यक ठरत नाहीत.

२००६ साली प्रसिद्ध झालेली जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली आशा कार्यकर्तीलाही विचारता येईल. २१ पैकी १० वा अधिक गुण आल्यास डॉक्टरांनी सविस्तर तपासावे, इतकाच त्या प्रश्नावलीचा अधिकार. थायरॉइड व रक्तक्षय पाहिलेच पाहिजेत. आणि ज्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली, तेथे अंडाशयही काढल्याने अकाली रजोनिवृत्ती आली आहे काय, हे विचारल्याविना धडधडीचे निदान करू नये.

उपचार आहेत. विचारांची व वर्तनाची घडी बदलणारी संवादचिकित्सा आहे, एसएसआरआय वर्गातील औषधे आहेत. परंतु औषधाचा गुण यावयास काही आठवडे लागतात, बरे वाटल्यावरही ते कित्येक महिने घ्यावे लागते व एकाएकी सोडल्यास त्रास होतो. श्रावणात सुरू झालेली गोळी कार्तिकात फडावर संपते, आणि मग जवळच्या दुकानातून सवय लावणारी झोपेची गोळी येते.

२०१५ पासूनच्या प्रेरणा प्रकल्पाने शेतकऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन मनाची विचारपूस करण्याचा पायंडा पाडला आहे. तोच भाद्रपदात, टोळ्या निघण्यापूर्वी, कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोड जोडप्याच्या, दोन्ही माणसांसाठी चालवावा. निघतेवेळी औषधाचा साठा व नोंदीची नक्कल हाती द्यावी, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनीसेवेचा १४४१६ हा क्रमांक त्या नकलेवरच छापावा आणि कारखान्यालगतच्या आरोग्य केंद्रास आगाऊ वर्दी द्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा हक्क प्रत्येकास दिला आहे. जिल्हा आरोग्य खात्याने ही तजवीज यंदाच्या गळीत हंगामापूर्वी करावी.